फ्रँक स्प्रेग : तापलेली मोटर आणि चार खेचरं

मिक्सरमध्ये घट्ट वाटण अडकलं की मोटरचा आवाज बसतो आणि थोड्या वेळात जळका वास येतो. फ्रँक स्प्रेगवर हेच संकट आलं, तेही अख्ख्या ट्रामसकट.

१८५७ साली अमेरिकेत जन्मलेला स्प्रेग हा नौदलातला अधिकारी. १८८३ मध्ये ती नोकरी सोडून तो एडिसनकडे गेला, पण तिथे वर्षभरच रमला. एडिसनचं लक्ष दिव्यांकडे, याचं मोटरींकडे! १८८४ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि लोड कमी-जास्त झाला तरी वेग जवळपास तोच ठेवणारी मोटर लोकांसमोर आणली.

१८८७ मध्ये त्याने रिचमंड शहराचं कंत्राट घेतलं. ४० ट्राम, मुदत ९० दिवस आणि काम पटलं तरच पैसे. हे धाडस नाही, जुगारच म्हणायचा. त्यात शहरात काही ठिकाणी १०० फुटांमागे १० फुटांचा चढ.

एका रात्री चाचणीची ट्राम चढ चढून वर पोचली खरी, पण मोटर तापून बिघडली. भोवती बघ्यांची गर्दी. काही उपकरणं मागवली आहेत असं सांगून स्प्रेगने वेळ काढला. लोक पांगल्यावर ती 'उपकरणं' आली : ट्राम ओढायला चार खेचरं!

नेमकं झालं काय होतं? फिरणारी मोटर थोडी जनरेटरसारखीही वागते. ती स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते आणि आत येणारा करंट त्यामुळे आवाक्यात राहतो. चढ लागला की लोड वाढतो, वेग पडतो, उलटा व्होल्टेजही कमी होतो. मग करंट वाढतो. जोर त्यातूनच मिळतो, पण करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते. मोटर पूर्ण अडकली तर करंट सगळ्यात जास्त.

स्प्रेगने गिअर बदलले. आता चाकाच्या एका फेरीमागे मोटर जास्त फेऱ्या मारणार, म्हणजे चढावरही ती फार मंदावणार नाही. फेब्रुवारी १८८८ मध्ये ट्राम सुरू झाल्या. या कामात त्याला मोठा तोटा झाला, पण पुढे बॉस्टननेही विजेच्या ट्रामच निवडल्या.

१८९७ मध्ये त्याने अनेक डब्यांतल्या मोटरी एकाच ठिकाणाहून चालवायची पद्धत शोधली. लोड एका इंजिनावर न टाकता अनेक मोटरींत वाटायचा. १९३४ मध्ये तो वारला. त्याच्या नऊ वर्षं आधी, १९२५ मध्ये, मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, तीही याच पद्धतीची.