नुव्हेल देकुव्हेर्तचे द प्लेव्हिट्झ

आपली गावे कशी वसली हे सांगताना आम्हांला एका गोऱ्या माणसाचे नाव घ्यावेच लागते. आदॉल्फ द प्लेव्हिट्झ यांचा जन्म 1837 साली पॅरिसला झाला. 1858 मध्ये ते मॉरिशसला आले आणि पुढे नुव्हेल देकुव्हेर्तची सासऱ्यांची कोठी सांभाळू लागले.

त्या काळी करार संपलेल्या आपल्या पूर्वजांनाही मोकळीक नव्हती. 1867 च्या कायद्याने फोटोचे तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ नसला की अटक! घरच्या वाफ्यातली भाजी विकणाऱ्यालाही सोडत नसत. अशाने गाव कसे उभे राहणार?

द प्लेव्हिट्झ यांनी अर्ज लिहून दिला. त्यावर 9,401 जुन्या मजुरांनी सह्या केल्या आणि 1871 मध्ये तो गव्हर्नर गॉर्डन यांच्याकडे गेला. सही करणाऱ्यांचे धाडस आम्हांला त्यांच्याइतकेच मोठे वाटते. मळेवाले चवताळले. पोर्ट लुईच्या रस्त्यात द प्लेव्हिट्झ यांना मारहाण झाली, त्यांना हद्दपार करण्याची मागणी झाली. तरी 1872 मध्ये चौकशी आयोग आला आणि 1878 मध्ये कायदा बदलला.

पुढे कोठीवाले जमिनीचे तुकडे विकू लागले आणि पै-पै साठवलेले आपले लोक ते घेऊ लागले. घर, गाय, उसाचे थोडे रान. तोवर द प्लेव्हिट्झ बेट सोडून गेले होते. 1893 साली ते फिजीत वारले.