विस्मृतीचा शोध घेणारा डॉक्टर

द्वितीय वर्ष कला

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे अभ्यासातले काही घरी जाऊन सांगावे, असा प्रसंग सहसा येत नाही. परंतु यंदा मानसशास्त्राच्या तासाला 'स्मृती' हे प्रकरण चालू असताना सरांनी एका जर्मन डॉक्टरांचे नाव घेतले, त्यांच्या एका रुग्ण बाईची हकिगत सांगितली, आणि मला एकदम माझी आजी आठवली. ते डॉक्टर म्हणजे अलॉइस अल्झायमर.

त्यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीत, माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १८८७ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णांना बांधून न ठेवता माणसासारखे वागवावे, असा तेथील डॉक्टरांचा प्रयत्न असे. फ्रान्झ निस्ल हे मेंदूच्या पेशी रंगवून पाहण्यात निष्णात असलेले मित्र त्यांना तेथेच भेटले. अल्झायमर दिवसा रुग्णांशी बोलत आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकापुढे घालवीत.

१९०१ साल त्यांना फार कठीण गेले. फेब्रुवारीत पत्नी सेसिलिया वारली. पदरी तीन लहान मुले होती. बहिणीने घर सांभाळले आणि अल्झायमर यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची बाई रुग्णालयात आली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. आधी ती त्याच्यावर विनाकारण संशय घेऊ लागली, मग घरातल्या वस्तू कोठेही लपवू लागली, शेवटी स्वयंपाकही विसरली. डॉक्टरांनी तिला नवऱ्याचे नाव विचारले, तर तिने स्वतःचेच नाव सांगितले. पानात फ्लॉवर आणि मांस असताना आपण पालक खातो आहोत असे ती म्हणाली. अल्झायमर यांनी ही सर्व प्रश्नोत्तरे शब्दन् शब्द लिहून ठेवली.

नवऱ्याच्या नावाची गोष्ट ऐकली तेव्हा मी वर्गात मान खाली घातली. जन्मभर उखाण्याखेरीज जिने आजोबांचे नाव तोंडातून काढले नाही, ती माझी आजी शेवटी शेवटी त्यांना मोठ्याने नावाने हाका मारी. आजोबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. आम्ही पोरे हसायचो. जेवून हात धुतला की घटकाभरात ती ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे की सून जेवायला घालत नाही. गावाने ते खरे मानले. आई विहिरीवर जायची तेव्हा बायका आपसांत कुजबुजत. साठी बुद्धी नाठी म्हणून आम्ही आजीला डॉक्टरकडे नेलेच नाही. तिला नेमका हाच आजार होता, असे म्हणूनच मी म्हणू शकत नाही.

१९०३ मध्ये अल्झायमर फ्रँकफुर्ट सोडून प्रथम हायडेलबर्गला आणि मग म्युनिकला गेले. तेथे काही काळ त्यांनी बिनपगारी काम केले. पण ऑगस्टेला ते विसरले नाहीत. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू आणि कागदपत्रे मागवून घेतली. मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगविले असता दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या मधल्या जागेत कसला तरी साका ठिपक्याठिपक्यांनी साचला होता, आणि अनेक पेशींच्या आत काळ्या तंतूंचा गुंता झाला होता. काही ठिकाणी पेशी नाहीशी होऊन नुसता गुंताच उरला होता. मेंदूच्या बाह्यभागातील एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पेशींची अशी अवस्था होती.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे सर्व मांडले. कोणीही एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. तथापि १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९१२ मध्ये त्यांना ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापकपद मिळाले. पण तिकडे जाताना गाडीतच ते आजारी पडले आणि १९ डिसेंबर १९१५ रोजी वारले. वय ५१, म्हणजे ऑगस्टे रुग्णालयात आली तेव्हाचे तिचे वय. फ्रँकफुर्टला पत्नीशेजारी त्यांचे दफन झाले. ऑगस्टेची ती फाईल १९९५ मध्ये तेथल्याच रुग्णालयात सापडली.

तो साका आणि तो गुंता कशाचा, हे अल्झायमर यांना कळले नव्हते. १९८४ मध्ये अमेरिकेत ग्लेनर व वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांतून बीटा-अमायलॉइड हे प्रथिन वेगळे काढले. ठिपक्यांतही तेच असल्याचे पुढच्या वर्षी दिसून आले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही माळ बहुधा ४० किंवा ४२ मण्यांची असते आणि एका मोठ्या प्रथिनाचा तो तुटलेला तुकडा असतो. असे तुकडे निरोगी मेंदूतही तयार होतात व निचरून जातात. ते साचले, की एकमेकांना चिकटून चळतीसारखे रचले जातात आणि न विरघळणारे तंतू बनतात. तयार झालेला तंतू विरजणासारखा असतो. चमचाभर विरजणाने भांडेभर दूध लागते, तसे नवे तुकडे त्याला येऊन मिळतात. पेशीतला गुंता टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा. या तंतूंनीच सारे बिघडते की आणखी काही कारणे आहेत, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. साका काढणारे लेकानेमॅब हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. त्याने आजाराची गती थोडी मंदावते, आजार बरा होत नाही.

सुट्टीत घरी गेले तेव्हा हे सारे मी आईला सांगितले. ती भाकरी थापत होती. बराच वेळ बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, की म्हणजे आत्याबाई ते मुद्दाम म्हणत नव्हत्या ना? मी नाही म्हटले. तिने पदराने डोळे पुसले आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी असे कोणी असेल, तर हसू नका. आधी डॉक्टरकडे न्या. मी हसले होते, म्हणून सांगते.