जेम्स पार्किन्सन : कंपवाताचे बारकाईने निरीक्षण करणारा वैद्य
कंपवात ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो, ते जेम्स पार्किन्सन ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्सटन भागात जन्मले. वडिलांप्रमाणे त्यांनीही तेथेच वैद्यकी केली. १८१७ मधील त्यांच्या निबंधाला आधार होता अवघ्या सहा रुग्णांचा. काही तर रस्त्यातच दिसलेले. थरथर, पुढे झुकलेले शरीर, घाईची पावले त्यांनी अचूक टिपली. शवविच्छेदनाची संधी मात्र मिळाली नाही, आणि दोष मानेतील मज्जारज्जूत असावा हा त्यांचा कयास चुकला. उपचाराची वाट पुढे प्राण्यांनी दाखवली. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सर्पगंधेतील रेसर्पिनमुळे निश्चल झालेले ससे डोपा देऊन पुन्हा हालते केले. हयातीत पार्किन्सन यांची ख्याती, गंमत म्हणजे, जीवाश्मांचे अभ्यासक म्हणून अधिक होती. २१ डिसेंबर १८२४ रोजी त्यांचे निधन झाले. रोगाला त्यांचे नाव देणारे फ्रेंच वैद्य शार्को तेव्हा जन्मलेही नव्हते.