ठेव कोणाच्या नावावर?

बँकेत उभी हयात गेल्यामुळे असेल, पण कुणाचे चरित्र वाचताना त्याने काय मिळवले यापेक्षा काय सांभाळले, इकडे माझे लक्ष आधी जाते. एडगर ली ह्युएट या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाचे आयुष्य म्हणूनच मला जवळचे वाटते.

ह्युएट १८६५ साली इलिनॉयमध्ये जन्मले. पेशा शिक्षकाचा. १८९८ मध्ये न्यू मेक्सिकोतील लास व्हेगास गावी (जुगाराचे शहर ते वेगळे) शिक्षक घडवणारे विद्यापीठ निघाले, त्याचे ते पहिले अध्यक्ष. विद्यार्थ्यांना घेऊन ते प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांची ओस पडलेली गावे पाहायला जात. मऊ खडकात कोरलेल्या खोल्या, दगडी भिंतींची मजलेदार घरे. मक्याच्या शेतीवर ही गावे शतकानुशतके नांदली होती. पण त्यांना राखणदार नव्हता. १८९१ मध्ये एका स्वीडिश तरुणाने मेसा व्हर्दे येथील वस्तू पेट्या भरून नेल्या. त्याला अटक झाली, पण त्याविरुद्ध कायदाच नसल्याने सोडून द्यावे लागले.

१९०३ मध्ये ह्युएट यांचे अध्यक्षपद गेले. खुर्ची गेली की माणसे कुढत बसतात, हे मी पुष्कळ पाहिले आहे. हे गृहस्थ कामाला लागले. १९०४ मध्ये त्यांनी या अवशेषांचा अहवाल सरकारला दिला, मग कायद्याचा मसुदा लिहिला. ८ जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. सरकारी जमिनीवर विनापरवाना उत्खनन हा गुन्हा ठरला. १९०७ मध्ये चाको कॅन्यन राष्ट्रीय स्मारक झाले.

सान इल्देफोन्सो या प्वेब्लो गावच्या मारिया मार्टिनेझ यांना त्यांनी जुन्या खापरांवरून तशीच भांडी घडवायला सांगितले. मारियाबाईंची काळी भांडी पुढे जगभर गाजली. म्हणजे वारस डोळ्यांसमोर होते! तरीही पूर्वजांची हाडे खणून काढताना वारसांची संमती घ्यावी, असे त्या कायद्यात कुठेच नव्हते. अस्थी आणि पूजेच्या वस्तू परत करण्याचा कायदा झाला तो १९९० मध्ये. ह्युएट १९४६ मध्येच गेले होते.

ठेव चोरांपासून वाचली, हे ह्युएट यांचे ऋण मोठेच. पण तिजोरी कितीही भक्कम असो, खातेदाराची सही लागतेच. ती घ्यायला आणखी ८४ वर्षे जावी लागली.