तळं बांधणारे सिद्धराम
सोलापूरच्या तळ्यातलं मंदिर तुम्ही फोटोत तरी पाहिलं असेल. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून ते तळं खोदलं, 68 लिंगं स्थापली. बांधणारा, पाणी देणारा हीच त्यांची ओळख झाली.

मग, परंपरा सांगते, अल्लमप्रभू आले आणि त्यांना नुसता दगडमातीत रमलेला म्हणाले. शिष्य दगड घेऊन धावले. सिद्धरामांना मात्र ते आत कुठेतरी लागलं. सगळा पसारा सोडून ते कल्याणला गेले (आपलं मुंबईजवळचं नव्हे, आजचं बसवकल्याण!). तिथे वयाने लहान असलेल्या चन्नबसवांकडून त्यांनी दीक्षा घेतली. मी तर ऑफिसात ज्युनिअरला साधी शंका विचारतानाही अडखळते.

पुढे ते सोलापूरलाच परतले. त्यांची समाधी त्याच तळ्यातल्या मंदिरात आहे.