वसईचा गोन्सालो

आपल्या हाटकेशहून उत्तरेस जाऊन भाईंदरची खाडी ओलांडली की वसई. सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया तेथे जन्मला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. जेझुइट पाद्र्यांजवळ तो शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तेथील भाषा त्याने आत्मसात केली. संघात प्रवेश मात्र त्याला मिळाला नाही. अशा नकाराने तरुण मन कडवट होते. हा व्यापारात शिरला, आणि त्यात चांगला यशस्वीही झाला!

तरीही चालता धंदा सोडून मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. संत पौल प्रौढ पुरुषत्वाला माप लावतो ते ख्रिस्ताचे. आणि ख्रिस्ताने तर शिष्यांचे पाय धुतले. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्तांचा दुभाषा म्हणून गोन्सालो हिदेयोशीसमोर उभा राहिला. पुढे क्योतो येथे हे बंधू कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करीत.

१५९६ च्या अखेरीस त्यांना अटक झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जण क्रुसावर मारले गेले. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. १८६२ मध्ये नववे पायस यांनी त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला संत.