कापडाच्या दुकानातले इमाम

महाराष्ट्रात रमजानच्या रात्री तरावीहला उभ्या राहणाऱ्या बहुतेक मुसलमानांचा मसलक हनफी आहे. कोकणी मुसलमान इमाम शाफई यांच्या मार्गाने चालतात. घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात बहुतेक मशिदींत नमाज हनफी पद्धतीने होते. वुजू कसा करावा, रोजा कशाने तुटतो, कोणत्या मालावर किती जकात, असे प्रश्न घेऊन कुणी मौलानांकडे गेले की उत्तरात इमाम अबू हनीफा (रह.) यांचे नाव हमखास येते. नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण हे इमाम आयुष्यभर कापडाचे व्यापारी होते, दुकानाच्या कमाईवर जगले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचे खरे नाव नोमान बिन साबित. जन्म हिजरी 80 मध्ये, म्हणजे इसवी सन 699 मध्ये, इराकमधील कूफा शहरात झाला. घराणे मूळचे अरब नव्हते. त्यांचे आजोबा काबूलकडचे होते, असे चरित्रकार लिहितात. घरात रेशीममिश्रित उंची कापडाचा व्यापार होता आणि तरुण नोमानही त्याच धंद्यात रमले होते. बाजारात जाता-येता त्यांची हुशारी कूफाचे नामवंत विद्वान इमाम शअबी यांच्या नजरेत भरली. एके दिवशी त्यांनी या तरुणाला थांबवून विचारले की, तो कुणाकडे जातो. नोमान यांनी व्यापाऱ्यांची नावे सांगितली. शअबींना विद्वानांची नावे अपेक्षित होती. ती भेट नोमान यांच्या मनात घर करून राहिली.

पुढे त्यांनी हम्माद बिन अबी सुलेमान यांचे शिष्यत्व पत्करले आणि अठरा वर्षे ते त्यांच्याकडे शिकत राहिले. मधे एकदा, आपणही आता वेगळे वर्तुळ जमवून शिकवायला बसावे, असे त्यांच्या मनात आले होते. नेमके त्याच सुमारास एका नातेवाइकाच्या मृत्यूमुळे हम्माद यांना बसऱ्याला जावे लागले. जाताना त्यांनी आपल्या जागी नोमान यांना बसवले. दोन महिन्यांत लोक साठ असे प्रश्न घेऊन आले ज्यांची उत्तरे त्यांनी गुरूकडून कधी ऐकली नव्हती. त्यांनी स्वतःच्या बुद्धीने उत्तरे दिली आणि ती लिहून ठेवली. हम्माद परतल्यावर तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. चाळीस उत्तरे गुरूंना पटली, वीस पटली नाहीत. त्यानंतर हम्माद हिजरी 120 मध्ये वारले तोवर शिष्याने वेगळे बसण्याचा विषय काढला नाही. गुरूच्या गादीवर बसले तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते.

गादी मिळाली तरी दुकान बंद झाले नाही. याला कारण होते. इल्म विकून पोट भरायचे नाही आणि राजदरबारापुढे हात पसरायचा नाही, हे त्यांनी ठरवलेले होते. त्यासाठी हाती स्वतःची कमाई हवी. त्यांचे भागीदार होते, माल दूरदूर जात असे. एकदा हफ्स बिन अब्दुर्रहमान या भागीदाराकडे माल पाठवताना त्यांनी कळवले की, अमुक ठाणात दोष आहे, गिऱ्हाइकाला तो दाखवूनच विक्री करावी. हफ्स विसरले. सगळा माल चांगल्या भावाने खपला आणि दोषाचे ठाण कुणाकडे गेले ते आठवेना. इमामांना हे कळले तेव्हा त्यांनी त्या मालाची सगळी किंमत सदका करून टाकली. नुसता त्या ठाणाचा दाम काढला असता तरी कुणी बोट ठेवले नसते. पण दोषाच्या ठाणाची रक्कम बाकी रकमेत मिसळली होती आणि कोणते दिरहम स्वच्छ, कोणते नाहीत, हे वेगळे करता येत नव्हते.

विकत घेतानाही त्यांचा हिशेब असाच उलटा चाले. एक स्त्री रेशमी वस्त्र विकायला घेऊन आली. तिने शंभर दिरहम सांगितले. इमाम म्हणाले की, याची किंमत जास्त आहे. तिने शंभर वाढवले, पुन्हा तेच उत्तर. असे करत ती चारशेवर गेली, तरी ते जास्तच म्हणत राहिले. बाई चिडली; हा दुकानदार आपली थट्टा करतो आहे, असे तिला वाटले. तेव्हा त्यांनी एका जाणकार माणसाला बोलवायला सांगितले, आणि ते वस्त्र पाचशे दिरहमला घेतले गेले. बाजारात बसणाऱ्या कुणालाही या हकिकतीचे मोल सांगावे लागणार नाही. विकणाऱ्याला आपल्या मालाचा भाव ठाऊक नाही, ही खरेदीदाराची सर्वांत मोठी संधी असते.

दुसरी एक म्हातारी आली. आपण गरीब आहोत, हे कापड जेवढ्याला पडले तेवढ्यालाच द्यावे, अशी तिने विनंती केली. इमामांनी चार दिरहम मागितले. उंची कापडाला चार दिरहम! आपल्या म्हातारपणाची टिंगल करू नये, असे ती काकुळतीला येऊन म्हणाली. मग त्यांनी हिशेब उलगडून दाखवला. त्यांनी अशी दोन ठाणे घेतली होती. त्यातले एक विकून दोन्हींच्या खरेदीची रक्कम वसूल झाली होती, फक्त चार दिरहम यायचे राहिले होते. म्हणून उरलेले ठाण त्यांना चारच दिरहमला पडले होते. खरेदीचा भाव सांगून होणाऱ्या व्यवहाराचे नियम हनफी फिकहमध्ये फार बारकाईने मांडलेले आहेत. मालातला दोष लपवला गेला तर गिऱ्हाइकाचा हक्क काय, याचेही. ते वाचताना जाणवते की हे लिहवून घेणारा माणूस स्वतः गजाने कापड मोजत होता.

नफ्याचे काय होई? घरखर्चाची रक्कम बाजूला काढून उरलेल्या पैशातून ते विद्वानांच्या आणि हदीस शिकवणाऱ्यांच्या घरी वर्षाचे धान्य, कपडे पाठवत. वर रोख रक्कमही देत आणि सांगत की, हे आपल्या पदरचे नाही, अल्लाहने तुमच्या नावाने दिलेला नफा आहे. म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जायला नको. त्यांच्या बैठकीत एकदा फाटक्या कपड्यातला एक माणूस दिसला. सगळे उठून गेल्यावर त्यांनी त्याला थांबवले आणि मुसल्ल्याखालचे हजार दिरहम घेऊन कपडे करण्यास सांगितले. तो माणूस म्हणाला की, तो श्रीमंत आहे, त्याला गरज नाही. त्यावर इमामांनी त्याला समज दिली की, मग अल्लाहच्या देणगीची खूण अंगावर दिसू द्यावी, मित्रांना उगाच दुःख देऊ नये. स्वतः इमाम नीटनेटके कपडे घालत, अत्तर लावत. धार्मिक माणसाने गबाळे दिसावे ही कल्पना त्यांना मान्य नव्हती.

याकूब नावाचा एक गरीब मुलगा त्यांच्याकडे येऊन बसत असे. घरची ओढाताण होती. त्याच्या आईने त्याला धोब्याकडे कामाला लावले होते, आणि तो काम सोडून इमामांच्या बैठकीत पळून येई. आई त्याला हाताला धरून परत नेई. एकदा ती इमामांवरच भडकली. सांगतात की, इमामांनी तिला हसत उत्तर दिले की, हा मुलगा पिस्त्याच्या तेलातला फालूदा खायला शिकतो आहे. ते पक्वान्न बादशहांच्या दस्तरखानावरचे. म्हाताऱ्याचे डोके फिरले आहे, असे पुटपुटत ती गेली. पण याकूबच्या घरचा खर्च त्या दिवसापासून इमामांनी उचलला आणि त्याला कधी मागावे लागले नाही. हाच मुलगा पुढे इमाम अबू यूसुफ म्हणून प्रसिद्ध झाला आणि हारून रशीद यांच्या राज्यात मुख्य काजी झाला. फालूदाही त्याने खलिफांच्या पंगतीत खाल्ला म्हणतात.

इमामांची स्वतःची आई मात्र त्यांच्या विद्वत्तेने फारशी दिपलेली नव्हती. साऱ्या इराकातून लोक ज्याच्याकडे प्रश्न घेऊन येत, त्याचा फतवा आईला चालत नसे. तिचा विश्वास मशिदीत कथा सांगणाऱ्या जुरआ यांच्यावर. एकदा तिला काही मसला पडला. मुलाने उत्तर दिले. तिने ते मानले नाही, जुरआ सांगतील तेच खरे, असे ती म्हणाली. इमाम आईला घेऊन जुरआकडे गेले. जुरआ गोंधळून गेले. ज्याला विचारायचे तोच माणूस समोर उभा. इमामांनी हळूच त्यांना उत्तर सांगितले, जुरआंनी तेच मोठ्याने उच्चारले आणि आई समाधानाने घरी परतली. उमर बिन जर यांच्या मजलिशीत जायचे असले की ते आईला गाढवावर बसवून स्वतः घेऊन जात. आईची आज्ञा मोडायला त्यांचा जीव धजत नसे.

त्यांच्या इबादतीविषयी मोठमोठी वर्णने प्रचलित आहेत. चाळीस वर्षे त्यांनी इशाच्या वुजूवर फजरची नमाज पढली, रमजानमध्ये दिवसा एक आणि रात्री एक असे साठ वेळा कुरआन पूर्ण केले, असे सांगतात. श्रद्धेने सांगितलेल्या अशा गोष्टींत आकडे वाढत जातात, हे मान्य करायला हवे. आणि इमामांची थोरवी त्या आकड्यांवर अवलंबूनही नाही. याच विषयातली एक छोटी हकिकत मात्र मनाला भिडते. रस्त्याने जाताना कुणीतरी दुसऱ्याला सांगत होते की, हे अबू हनीफा, हे रात्रभर झोपत नाहीत. इमामांनी ते ऐकले. तोवर ते रात्री काही वेळ झोपत असत. आपण करत नाही ते लोकांनी आपल्या नावावर जमा करावे, याची त्यांना अल्लाहपुढे लाज वाटली आणि त्यांनी रात्रीची इबादत वाढवली.

रात्रीच्या या इबादतीला शेजारून एक आवाज साथ देत असे. शेजारी एक चांभार राहत होता. दिवसभर काम करून रात्री तो दारू पिई आणि लोकांनी आपल्यासारख्या मर्दाला वाया घालवले, अशा अर्थाचे गाणे झोप लागेपर्यंत गात राही. एके रात्री आवाज आला नाही. चौकशी केली तर कळले की, गस्तीच्या शिपायांनी त्याला धरून नेले. दुसऱ्या दिवशी फजरनंतर इमाम खेचरावर बसून थेट अमीराच्या वाड्यावर गेले. जो माणूस हाकिमांच्या दारात कधी जात नसे तो आला, म्हणून अमीर आदराने पुढे आला. इमामांनी शेजाऱ्याची सुटका मागितली. त्या रात्री पकडलेले सगळेच सोडले गेले. परत येताना चांभार मागे मागे चालत होता. घराशी पोहोचल्यावर इमामांनी त्याच्या गाण्याचाच धागा धरून विचारले की, त्यांनी त्याला वाया घालवले काय. चांभाराने मान हलवली, शेजारधर्म राखल्याबद्दल दुवा दिली आणि पुढे दारू सोडली. लक्षात घेण्यासारखे हे की, इतकी वर्षे इमामांनी त्याच्या दारूची तक्रार एकदाही कुणाकडे केली नव्हती.

हाकिमांपासून दूर राहण्याची किंमत त्यांना दोनदा मोजावी लागली. उमय्या राजवटीच्या अखेरीस इराकचा सुभेदार इब्न हुबैरा याने त्यांना सरकारी पद देऊ केले. त्यांनी नकार दिला. रोज दहा याप्रमाणे एकशे दहा फटके मारले गेले, तरी नकार कायम. फटक्यांपेक्षा आईच्या अश्रूंचा त्रास जास्त झाला, असे ते नंतर सांगत. सुटल्यावर ते मक्केला गेले आणि अब्बासी राज्य येईपर्यंत तिकडेच राहिले.

पण राजवट बदलली तरी मागणी बदलली नाही. खलिफा मन्सूर याने त्यांना बगदादला बोलावून काजी होण्याचा हुकूम केला. ते म्हणाले की, ते या पदाला लायक नाहीत. मन्सूरने त्यांना खोटे ठरवले. मग तर प्रश्नच मिटला, असे इमामांचे म्हणणे पडले. ते खरे बोलत असतील तर नालायक, आणि खोटे बोलत असतील तर खोटारडा माणूस काजी कसा होईल? युक्तिवाद बिनतोड होता, पण बादशहाला युक्तिवाद नको होता. त्याला हवा होता आपल्या निकालांवर अबू हनीफांच्या नावाचा शिक्का. नेमका तोच इमामांना द्यायचा नव्हता. सत्तर वर्षांचे वय, तुरुंग, फटके. हिजरी 150, इसवी सन 767 मध्ये बगदादला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इमाम शाफई जन्मले.

जनाजाला इतकी गर्दी लोटली की, नमाज सहा वेळा पढावी लागली. कुणाकडून बळकावलेली नाही अशा जमिनीत दफन करावे, अशी त्यांची वसीयत होती. बगदादच्या खैजुरान कब्रस्तानात त्यांना ठेवले गेले. इमामे आजम या त्यांच्या उपाधीवरून त्या भागाला आजही आजमिया म्हणतात.

मन्सूरने एकदा त्यांच्यासाठी दहा हजार दिरहम पाठवले होते. ते आणणारे होते हसन बिन कहतबा. इमामांनी त्या दिवशी कुणाशी बोलणेच बंद ठेवले. आणणाऱ्यांनी थैली घराच्या कोपऱ्यात ठेवली आणि निघून गेले. इमामांनी तिला हात लावला नाही. मृत्यूनंतर ती जशीच्या तशी परत करावी, असे मुलाला बजावून ठेवले. दफन उरकल्यावर मुलगा हम्माद ती थैली घेऊन हसन यांच्या दारात गेला आणि ही तुमची अमानत आहे, असे सांगून ती त्यांच्या हवाली केली.